इंजिन बांधलंय म्हणताय, पण खरंच बांधलंय का नुसतं धुतलंय? कसं ओळखायचं?

बोरीकाठचा, अमळनेर

राम राम मंडळी. जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

मी अमळनेरचा, नोकरी जळगावला. इतकी वर्षं रेल्वेने अपडाऊन केलं पण आता ड्युटीच अशी लागलीय की रात्री परत यायला गाडी सापडत नाही, म्हणून सेकंडहँड कार बघतोय. धुळ्यात एक डिझायर डिझेल बघून आलो. २०१४ ची, म्हणजे पासिंग २०२९ पर्यंत, एमएच १८, दुसरा मालक, मीटरवर १ लाख ४२ हजार. डिझेल कशाला घेतो असं विचारू नका, रोजचं जाऊन-येऊन शंभराच्या वर रनिंग होणार आहे आणि मारुतीने २०२० पासून डिझेल बंदच केलं, मग जुनीच बघावी लागणार ना.

मुद्दा असा की अशा गाड्या तीन लाखाच्या आसपास मिळताय पण हा ३ लाख ६० मागतो. का तर म्हणे इंजिन फुल बांधलंय, ७० हजार खर्च आला, त्यावर फक्त ३ हजार किलोमीटर चाललीय. मी म्हटलं बिल दाखवा तर म्हणतो बिल गॅरेजवाल्याकडेच राहिलं. वरून, "इंजिन बांधेल शे भो, डोया झाकीसन ली जाय." आता डोळे झाकून घ्यायचं म्हटल्यावरच माझे डोळे उघडले.

बोनेट उघडलं तर इंजिन चकाचक, चांदीसारखं. चालू केलं, आवाज छान, धूर नाही. पण मी गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि गाडी आधीच कुठूनतरी फिरून आलेली होती. मला इंजिनातलं फार कळत नाही, स्टेपनी बदलता येते एवढंच. न खोलता कळायचा काही मार्ग आहे का? का सरळ सोडून देऊ?

भरीत_पार्टी, सावदा

चांदीसारखं म्हणजे चांदीचाच स्प्रे मारलाय आप्पा. आमच्याकडे बैल विकायच्या आधी शिंगं रंगवता तसं.

रिटायर_फिटर, भुसावळ

सोडू नका इतक्यात, आधी बघा.

मी रेल्वेत फिटर होतो. आमच्या तिथल्या इंजिनाला पिस्टनच नसतो, विजेवरचं इंजिन, पण खोललेल्या प्रत्येक वस्तूचं माप लिहायची सवय तिथली आणि ती अजून सुटली नाही. रिटायर झाल्यावर भाच्याच्या गॅरेजात बसतो, तिथे "बांधलेली" इंजिनं रोज बघतो, म्हणून लिहितो.

आधी "बांधलं" म्हणजे काय ते त्याच्याकडूनच वदवून घ्या. आपल्याकडे हेडची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाची, पॅकिंग बदलली तरी इंजिन बांधलं म्हणता, पिस्टनच्या रिंगा टाकल्या तरी बांधलं म्हणता. फुल काम म्हणजे इंजिन गाडीतून खाली उतरवायचं, क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवता तो खालचा दांडा, बाहेर काढून मापायचा, घासलेला असेल तर ग्राइंड करून अंडरसाईज बेरिंग टाकायचे, ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवून बोअर, म्हणजे पिस्टन वरखाली होतो ते भोक, मापायचा, गोल राहिला नसेल तर बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन नाहीतर स्लीव्ह, नंतर होनिंग, म्हणजे बोअरच्या भिंतीवर बारीक रेघा पाडणं, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्हची सीट, गाईड, सील, ऑईल पंप, टाईमिंग चेन, सगळ्या पॅकिंगा. यातलं काय काय केलं हे ज्याने ७० हजार मोजले त्याला तोंडपाठ असतं हो. माणूस लग्नाचा खर्च विसरेल पण इंजिनाचा विसरत नाही. त्याला सरळ विचारा, पिस्टन स्टँडर्ड टाकले की ओव्हरसाईज? क्रँक ग्राइंड केला की नुसता पॉलिश? लेथचं काम कुठे केलं? "ते मेस्त्रीला माहिती" असं उत्तर आलं की समजून घ्या.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न, इंजिन बांधायची वेळ का आली? गरम झालं होतं का, ऑईल कमी पडलं होतं का, पाण्यात घातली होती का. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं, रेडिएटर चोंदलेला, पंखा उशिरा लागतो, हेड वाकतं. मग हेड सरळ केलं पण रेडिएटर तोच जुना ठेवला तर पुढच्या मे मध्ये परत तेच. बेरिंग गेले असतील तर धातूचा चुरा ऑईलबरोबर टर्बोपर्यंत जातो, टर्बोचं काय केलं ते विचारा.

आता न खोलता काय दिसतं ते.

इंजिन खाली उतरवल्याशिवाय क्रँक निघत नाही. म्हणजे इंजिनाचे माउंटिंग बोल्ट, गिअरबॉक्स जिथे इंजिनाला जोडतो तिथले बोल्ट, अ‍ॅक्सलचे नट, हे सगळे खोलले गेलेच पाहिजे. गाडीखाली मोबाईलची बॅटरी घेऊन झोपा आणि त्या बोल्टांची डोकी बघा. पाना बसलेल्या नटाच्या कडा घासून चमकता. वरून इंजिन चांदीसारखं आणि खाली माउंटिंगच्या बोल्टावर दहा वर्षांचा गंज आणि चिखल जसाच्या तसा असेल तर इंजिन जागेवरून हललेलंच नाही, मग क्रँकचं काम कुठून झालं?

दुसरं म्हणजे पाण्याचे रबरी पाइप. जुनी क्लिप वर्षानुवर्षं एकाच जागी बसून रबरावर ठसा पाडते. पाइप काढून परत लावला की क्लिप त्याच ठशावर कधीच बसत नाही, दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतेच. हा ठसा रंगाने झाकला जात नाही, विकणाऱ्याच्या लक्षातही नसतो.

ऑईलचं झाकण उघडून आत बघा. हेड खोलून धुतलेलं असेल तर कॅमशाफ्टच्या बाजूचं अल्युमिनियम पांढरट दिसतं. चहाच्या पातेल्याला बसतो तसा तपकिरी थर असेल तर हेडही खोललं नाही. पण आत स्वच्छ दिसलं म्हणून नाचू नका, त्यातून फक्त वरचा मजला कळतो, तळमजला नाही. आणि डिपस्टिकवरच्या ऑईलच्या रंगावर तर अजिबात जाऊ नका, डिझेलचं ऑईल थोडं चाललं की काळं होतंच. ऑईल बोटावर घेऊन मात्र बघा, गुळाच्या पाकासारखं घट्ट लागलं तर आवाज आणि धूर दाबायला मुद्दाम जाड ऑईल भरलंय.

एक फसवा प्रश्न सांगतो. "बांधल्यावर पहिलं ऑईल कधी बदललं?" नव्या रिंगा बोअरमध्ये बसताना बारीक चुरा निघतो म्हणून पहिलं ऑईल ५०० ते १००० किलोमीटरला बदलायचं असतं. तो म्हणाला ना ३ हजार चाललीय, मग एकदा तरी बदललंच पाहिजे. "अजून नवीनच आहे ना ऑईल" म्हणाला तर एक तर इंजिन बांधलं नाही किंवा बांधून त्याची माती केली.

बाकी गाडी थंड असताना सकाळी बघा, न सांगता जा, आणि आधी बोनेटवर हात ठेवा.

घाटवाला_नाना, चाळीसगाव

फिटरसाहेबांनी बरोब्बर सांगितलं. माझं रडगाणं ऐका.

मी बोलेरो घेतली होती, जुनी २५२३ सीसीवाली. तीही "बांधलेली". मी वीस मिनिटं गावातल्या गावात चालवून बघितली आणि व्यवहार केला, तोच मूर्खपणा. पहिल्याच आठवड्यात कन्नडचा घाट चढलो, चढताना ठीक, वर थांबून चहा घेतला, उतरताना गिअरमध्ये सोडली आणि खाली पायथ्याला अ‍ॅक्सिलरेटर दिला तर मागे निळा ढग, मागच्या मोटारसायकलवाल्याने गाठून शिव्या दिल्या. तरी मी मनाला समजावलं, नवीन रिंगा आहे, बसतील. दर हजार किलोमीटरला लिटरभर ऑईल टाकत राहिलो. चार महिन्यांनी ऑईलचा लाल दिवा गरम झाल्यावर न्यूट्रलला लुकलुकायला लागला.

इंजिनाखालचं ऑईलचं चेंबर खोललं आणि मेस्त्रीने मला हाक मारून दाखवलं, ते मी विसरणार नाही. ऑईल ज्या जाळीतून पंपात जातं त्या जाळीवर निळ्या सिलिकॉनच्या शेवया अडकलेल्या. आधीच्या माणसाने चेंबरच्या पॅकिंगऐवजी सिलिकॉन फासलं, तेही वाटीभर, जास्तीचं आतल्या बाजूला लोंबत राहिलं, तुटून ऑईलमध्ये पडलं आणि जाळी बुजली. बेरिंग उपाशी मेले. रिंगा खरंच नवीन होत्या हो, खोटं नव्हतं ते, पण बोअर आरशासारखा गुळगुळीत, होनिंगची एक रेघ नाही. गुळगुळीत भिंतीवर नवी रिंग बसतच नाही, ऑईल धरून ठेवायला तिथे त्या बारीक तिरप्या रेघा लागता. म्हणजे पैसे खर्च झाले होते आणि काम शून्य.

तर ब्लॉकच्या जोडांवर नीट बघा. पॅकिंगच्या कडेने बाहेर सिलिकॉन जितकं जाड फुगून आलंय तितकंच आतही असतं.

धुळ्याला बघताय तर लळिंगकडे घेऊन जा. चढावर तिसऱ्या गिअरला कमी स्पीडमध्ये दाबा, टेंपरेचरचा दिवा पेटतो का बघा. उतारावर गिअरमध्येच राहू द्या, ब्रेक कमी, खाली आल्यावर एकदम पाय द्या आणि आरशात बघा. निळा भपका आला तर ऑईल जळतंय, व्हॉल्व्हचे सील नाहीतर रिंगा. काळा असेल तर डिझेलचा भाग, इंजेक्टर वगैरे. सकाळी थंडीत पांढरा आला आणि लगेच गेला तर घाबरू नका, गरम झाल्यावरही पांढरा आणि पाणी कमी होतंय तर हेड पॅकिंग.

चौफुली_गॅरेज, जळगाव

सगळ्यांचं वाचलं. मी गॅरेजवाला, अजिंठा चौफुलीकडे. थोडी आमचीही बाजू.

बिल नाही म्हणजे खोटं असं धरू नका. आमच्याकडे निम्म्या गिऱ्हाइकांना जीएसटीचं बिल नकोच असतं आणि मग विकायच्या वेळी बिल पाहिजे. पण बिल नसलं तरी तीन ठिकाणी खूण राहते. स्पेअर पार्टवाल्याकडे, लेथवाल्याकडे आणि मोबाईलमध्ये. पिस्टन सेट, बेरिंग सेट कुठूनतरी आला असेल ना, त्याचे खोके, नाहीतर यूपीआयचं पेमेंट. आणि आजकाल प्रत्येक मेस्त्री खोललेल्या इंजिनाचे फोटो मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करतो, नाहीतर मालकच रागावतो काय केलं म्हणून. ७० हजारांच्या कामाचा एकही फोटो नाही हे मला बिल नसण्यापेक्षा जास्त खटकतं.

लेथवाल्याची वही ही खरी. बिल कोणीही छापून आणेल, पण लेथवाला कोणाची गाडी, बोअर किती, क्रँक किती पॉइंट काढला हे वहीत लिहितोच, त्याला त्याचे पैसे वसूल करायचे असता. त्याचं नाव घ्या आणि स्वतः जा. फोन करू नका, फोनवर तो मेस्त्रीचीच बाजू घेणार, त्याचा रोजचा गिऱ्हाईक आहे तो.

कंप्रेशन टेस्टचं, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते मापायचं, कोणी बोललं नाही अजून. करा. पण डिझेलचा गेज वेगळा, पेट्रोलचा गेज लावला तर फुटेल. ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन चालू व्हायला आत तापतो तो प्लग, काढून तिथे लावतात. चांगल्या डिझेलला साधारण २५ ते ३० बार दाखवतं, पण आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक बघायचा, एखादा बाकीच्यांपेक्षा ४-५ बारने खाली असेल तर त्याच्यात काहीतरी आहे. आणि आधीच बोलून ठेवा की ग्लो प्लग काढताना तुटला तर खर्च कोणाचा. जुने प्लग हेडमध्येच तुटता, मग भांडणं होता. खरं तर हीही एक परीक्षाच आहे, इंजिन खरंच बांधलं असेल तर प्लग कधीतरी निघालेच असतील, ते अलगद सुटतील. जाम बसलेले असतील तर तुम्हीच समजा.

पेट्रोलमध्ये कंप्रेशन कमी आलं की चमचाभर ऑईल टाकून परत टेस्ट करता, वाढलं तर रिंगा. तो प्रयोग डिझेलवर करू नका, आत जागाच इतकी कमी असते की चमचाभर ऑईलने आकडा उगाच वाढतो.

आणि आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळवा. कधीकधी "बांधलेलं" म्हणजे भंगारातलं दुसरं इंजिन बसवलेलं असतं. आरसीवर नोंद नसेल तर इन्शुरन्सला आणि आरटीओला तुम्हीच फिरा मग.

बोरीकाठचा, अमळनेर

मंडळी, जाऊन आलो. दोनदा.

पहिल्यांदा रविवारी, पहाटे निघालो, सहाला दहा कमी असताना त्याच्या दारात. बोनेटवर हात ठेवला तर कोमट. म्हटलं हे काय, तर म्हणे आत्ताच दूध आणायला गेलो होतो. गाडीने दूध! दूधवाला समोरच्या गल्लीत, मी येताना बघितला होता. त्या दिवशी फक्त खालून बघितलं. माउंटिंगचे दोन बोल्ट चमकत होते, गिअरबॉक्सकडचे मात्र मातीने भरलेले. पाइपांच्या क्लिपा सरकलेल्या होत्या, ठसे अगदी स्पष्ट, फिटरकाका तुम्हाला मानलं. झाकणाखाली आत पांढरं स्वच्छ. मी घोळात पडलो, अर्ध्या खुणा आहे, अर्ध्या नाही.

पिस्टन कोणत्या साईजचे विचारलं तर म्हणे "ओरिजनल कंपनीचे". साईज विचारतोय तर कंपनी सांगतो. पहिलं ऑईल? "आता पाच हजारला बदलायचं."

मग मी त्याच्याच तोंडून लेथवाल्याचं नाव काढून घेतलं आणि तिथे गेलो. म्हातारे बाबा होते, आधी काही बोलेना. मी खरं तेच सांगितलं की बाबा आयुष्यातली पहिली कार घेतोय. मग त्यांनी वही काढली, तेलाने काळी झालेली, कोपरे झिजलेले, पानं उलटताना बोटाला थुंकी लावायचे. गाडीचा नंबर सापडला. समोर लिहिलेलं, हेड फेस, १६ व्हॉल्व्ह सीट. बस्स, एवढंच. मी विचारलं ब्लॉक, क्रँक? बाबा म्हणे, "ब्लॉक उना नही आठे. आना व्हता तर लिखेल ऱ्हाता." म्हणजे ब्लॉक तिथे आलाच नव्हता. वही बंद.

दुसऱ्यांदा बुधवारी न सांगता गेलो, धुळ्याचा मावसभाऊ बरोबर. थंड गाडी, दोन-तीन वेळा स्टार्टर मारावा लागला, पांढरट निळा धूर मिनिटभर. मालकाचा चेहरा बघण्यासारखा होता पण माणूस वाईट नाही, खरं सांगतो, घरात बोलावून चहा दिला. त्याच्या परवानगीने मावसभावाच्या ओळखीच्या गॅरेजात कंप्रेशन केलं. २८, २७, २२, २७. तीन नंबर खाली. ग्लो प्लग तीन आरामात निघाले, चौथ्याला अर्धा तास लागला. मग मालकाने स्वतःच त्याच्या मेस्त्रीला स्पीकरवर फोन लावला आणि मेस्त्री बिनधास्त सांगतो, इंजिन गरम होऊन पॅकिंग उडाली होती, हेड उतरवलं, खालून चेंबर काढून पिस्टन वर ढकलून रिंगा टाकून दिल्या जागेवरच, बोअरला हात नाही लावला. पैसे किती घेतले विचारलं तर म्हणे ३२ हजार. मालक माझ्याकडे बघेना.

इंजिन नंबर जुळला, तेवढं एक बरं.

मी २ लाख ६० म्हटलं, कारण आता तेच काम परत नीट करायचं तर मलाच खर्च आहे. तो ३ लाख १० वर अडला. नाही जमलं, घरी आलो.

रिटायर_फिटर, भुसावळ

चांगलं केलं. २२ वाला सिलिंडर उन्हाळ्यात तुम्हाला रस्त्यावर उभं करणार होता. मेस्त्रीने रेडिएटरचं काही सांगितलं का?

बोरीकाठचा, अमळनेर

विचारलं ना काका. "साफ केला" म्हणे. वरून जाळीत अजून किडे दिसत होते.

घाटवाला_नाना, चाळीसगाव

३२ चे ७० सांगितले. आमच्यावाल्याने ४० चे ६० सांगितले होते. भाव वाढले भो.

भरीत_पार्टी, सावदा

आप्पा तुम्ही नाही घेत ना? मग त्या मालकाचा नंबर मला मेसेज करा. शालकाचं लेथ मशीन आहे आमचं, बोअर घरच्या घरी होतो, २ लाख ८० पर्यंत मी घेतो.

बोरीकाठचा, अमळनेर

पाठवला. सहाच्या आधी जा, तो दुधाला निघतो.